पाणी जातं कुठं

आमच्या घरातलं सांडपाणी जातं कुठं, असा प्रश्न मला लग्न होऊन या घरात आल्यापासून बावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. मोरीत बादली ओतली, पाणी गेलं, विषय संपला. संडासातला विषय तर त्याहून लवकर संपायचा. त्याचा विचार करावा लागू नये म्हणून तर माणूस पाइप जमिनीखाली घालतो. त्यात मला मुळातच किळस फार. ताटात केस दिसला की मी ताटावरून उठायची, आणि एसटी स्टँडच्या मुतारीत पाय ठेवण्यापेक्षा नगर ते पुणे कळ काढायची. माहेरी चिडवायचे, हिला राजवाड्यात द्या. दिली नगरला, सावेडीकडच्या एका कॉलनीत.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, पस्तीस वर्षांपूर्वी. ते कचेरीत कारकून होते, आता नाहीत. खाली पुढची खोली, तिच्या बाजूला सासूबाईंची खोली आणि एक अडगळीची, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे एक पायरी उतरून मोरी-संडास. वरच्या मजल्यावर मी आणि नवरा. मुलगी पुण्यात शिकते. मागच्या दिवाळीनंतर त्याच पायरीवर सासूबाईंचा पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता उकिडवं बसायचं नाही, पायरी चढायची-उतरायची नाही, कमोड पाहिजे आणि तोही खोलीला लागून.

आमच्याकडे खाली कमोड नव्हता, म्हणून त्यांना सुप्याला नणंदेकडे नेलं. नणंद आणि तिचा नवरा दोघंही तिथल्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये कामाला. दोन खोल्यांचा फ्लॅट. कमोड होता, पण संडास एवढा चिंचोळा की वॉकर आत गेला की दार लागत नाही. आणि दारासमोरच जावई टीव्ही बघत बसलेले. ज्या बाईने जन्मात कधी जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिने दार उघडं टाकून बसायचं! मग त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला. पाणी प्यायचंच सोडलं. सकाळी एक घोट, संध्याकाळी एक घोट. लघवीला आग, अंगात ताप, डॉक्टरांची बोलणी, आणि पुन्हा तेच. दर दोन दिवसांनी नणंदेचा फोन, वहिनी, ही बाई वाळून मरेल माझ्या घरात. फोन सासूबाईंच्या कानाला लावला की त्या एकच विचारायच्या, "झालं का गं खोलीचं?"

खरं सांगायचं तर त्यांना आणायची मलाही फार घाई नव्हती. घरी आल्या की त्यांचं सगळं करणार कोण? मीच. नवरा दारात उभा राहून 'काही लागलं तर सांग' म्हणणार आणि सटकणार. नुसत्या विचारानेच मला नको व्हायचं, आणि मग माझी मलाच लाज वाटायची. पण बाई तहानेने सुकत चालली म्हटल्यावर काय करता? अडगळीच्या खोलीत कमोड बसवायचा ठरला. प्लंबर म्हणाला, आठ दिवसांचं काम.

प्लंबर भिंगारचा, पन्नाशीचा, तोंडात कायम तंबाखू, पण कामाला प्रामाणिक. त्याचं मागणं साधं होतं. जुनी लाईन कुठून गेली आहे तेवढं दाखवा, नवीन कमोड मी तिला जोडून देतो. नवऱ्याने कपाटातून घराचा नकाशा काढला. पिवळा पडलेला, खाली गोल शिक्का. त्यात मागच्या संडासापासून घराच्या कडेच्या बोळातून थेट पुढच्या रस्त्यापर्यंत तुटक तुटक रेघ होती. प्लंबरने रेघेवर बोट फिरवलं, बोळात खडूने खूण केली आणि फोडायला लागला. कोबा फुटला, खाली मुरूम. दोन हात पुढे फोडलं, मुरूम. तिसरं भोक पाडलं, पुन्हा मुरूम. नकाशा पास करून घ्यायचा असतो, त्याप्रमाणे बांधायचं नसतं, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. पुढच्या खोलीत सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आहे. धूळ पुसायच्या निमित्ताने मी त्याच्यासमोर जाऊन दोन शब्द बोलूनही आले.

दुसऱ्या दिवशी त्याने संडासाच्या भांड्यातून लांब स्प्रिंग आत घातली. शी! ती बाहेर आली तेव्हा तिला जे लागलं होतं ते मी इथे लिहीत नाही. दहा-बारा फूट गेल्यावर तो म्हणाला, पुढे मोकळीच हलतेय, कशाला टेकत नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? म्हणाला, तेच तर कळत नाही. मग गणपतीतला उरलेला गुलाल मी काढून दिला. तो पाण्यात कालवून मागच्या संडासात दोन बादल्या ओतल्या, आणि आम्ही पुढे रस्त्यालगतच्या आमच्या चेंबरचं झाकण काढून लाल पाण्याची वाट बघत उभे राहिलो. आता येईल, मग येईल. अर्धा तास झाला. चेंबर कोरडा ठणठणीत. ज्या चेंबरमधून सगळ्या घराचं एवढ्या वर्षांचं पाणी जायला हवं होतं, त्यात कोळ्याने जाळं विणलं होतं आणि तो सुखाने नांदत होता.

प्लंबरने बाजूला पिचकारी टाकली. "वहिनी, पाणी जातंय हे खरं. पण ते ह्या घरातून बाहेर जात न्हाई."

मला ते लगेच पटलं. कारण पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात एक वास यायचा. कुजका, गोडसर. ओट्याच्या कोपऱ्यातून झुरळं निघायची, तीही जाडजूड, खाऊनपिऊन सुखी. मी फिनेल ओतायची, बोरिक पावडर भुरभुरायची आणि शेजारणीशी भांडायची, की तुमचं गटार तुंबलंय. एकदा तर आठ महिने बोलणं बंद होतं. ती बिचारी दरवेळी सांगायची, अहो, आमच्याकडे वास नाही. मी म्हणायची, स्वतःचा वास स्वतःला कसा येईल? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, फक्त चोर आपणच आहोत हे मला माहीत नव्हतं.

आता शोधायचं कसं? प्लंबर म्हणाला, संडासाचं भांडंच उखडू आणि पाइपच्या मागोमाग जाऊ. म्हणजे अर्धं घर उकरायचं. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने एक गोष्ट केली. पाथर्डीहून मामांना बोलावलं. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. ते पाणाडे आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथे बोअर घ्यायची. पाथर्डीकडे पाऊस म्हणजे पाहुणा, त्यामुळे पाणाड्याला मान मोठा. आमच्या अंगणातल्या बोअरची जागाही त्यांनीच दाखवलेली. मला ते कधी पटलं नाही, पण सासरच्या माणसाला काय बोलणार? तरी गटार शोधायला पाणाड्या? नवरा म्हणाला, पाण्याचंच तर काम आहे. मी कपाळावर हात मारून घेतला.

मामा सकाळच्या एसटीने आले. सत्तरीचे, धोतर, टोपी, पिशवीत सोललेला नारळ. चहा घेतला. मला वाटलं आता मागून सुरुवात करतील, पण ते संडासाच्या बाजूला फिरकलेच नाहीत. नारळ देवाचा, तिकडे न्यायचा नाही, म्हणाले. पायातलं काढलं, नारळ हातावर धरला आणि पुढच्या खोलीतून निघाले ते सरळ स्वयंपाकघरात आले. ना इकडे वळले, ना तिकडे. ओट्यापुढे, जिथे उभी राहून मी बावीस वर्षं भाकरी थापते, नेमके तिथे थांबले. नारळ उभा राहिला. प्लंबर आणि नवरा नारळाकडे बघत होते. मी मामांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मामांचं नारळाकडे लक्षच नव्हतं. ते फरशीकडे बघत होते, ओळखीच्या माणसाचं घर बघावं तसे.

"हितं आड हाय," ते म्हणाले. "जित्तं पानी हाय. हात जोडा."

नवऱ्याने जोडले. प्लंबरनेही जोडले. मी जोडले नाहीत.

ओट्यावरचं सगळं सामान पुढच्या खोलीत हलवलं आणि ब्रेकर लावला. फरशी गेली, कोबा गेला, मग काँक्रीट. वीतभर खाली गेल्यावर आवाज बदलला, पोकळ वाजायला लागला. खाली कडप्प्याच्या दोन मोठ्या लाद्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. पहार घालून प्लंबरने एक लादी हातभर सरकवली.

वास नाकात आला नाही, थेट तोंडात आला आणि जिभेवर बसला. प्लंबर ओरडला, मागं व्हा, आत गॅस असतो. सगळी दारं-खिडक्या उघडून आम्ही अंगणात पळालो. परत आलो तेव्हा झुरळं भिंतीवर, ओट्यावर, रिकाम्या मांडणीवर, सगळीकडे फिरत होती. लांबूनच मोबाईलचा उजेड आत मारला. गोल, दगडी बांधणीचा आड होता, एकेक चिरा असा बसवलेला की आत पाणी असतं तर बघत राहावं. खाली पाच-सहा पुरुष खोलीवर काळं, साय धरलेलं काहीतरी होतं, आणि ते मधूनच हलत होतं. कडेला चिऱ्यांमधून चिनीमातीच्या पाइपाचं तोंड बाहेर आलेलं, थेंब थेंब गळणारं. त्याच्याखाली दगडांवरून गुलाबी ओघळ गेला होता. आमच्या गणपतीचा गुलाल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसे आम्ही तीन दिवस बाहेर शोधत बसलो होतो.

मी मागे जाऊन ओकले. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबेनात, कारण एकेक आठवत होतं. मुलीच्या बारशाचं जेवण. दिवाळीचं फराळाचं. सासऱ्यांच्या श्राद्धाची खीर. सगळं त्याच्यावर उभं राहून केलेलं. सोवळ्यात, वर! वरून कीर्तन आणि आतून तमाशा. आणि अंगणातली बोअर तिथून पंधरा पावलांवर. आमच्याकडे नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात तर आणखी लांबतो. तेव्हा आम्ही बोअरचं पाणी उकळून प्यायचो. घाई असली की न उकळता.

तोंड धुऊन आले आणि मामांना विचारलं, हे तुम्हाला नारळाने सांगितलं की आठवणीने? त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाले, आक्काला इचारा. मी म्हटलं, आणि बोअरचं काय? तर म्हणे, जमीन पाणी गाळून घेते. मग आणू का एक तांब्या, म्हटलं. 

प्लंबरने मात्र स्पष्ट सांगितलं. वरचं काँक्रीट खालून सडलंय, कधीतरी ओट्यासकट तुम्ही खाली गेला असता. हा आड उपसून काठोकाठ मुरुमाने भरल्याशिवाय तो पुढच्या कामाला हात लावणार नव्हता. म्हणजे आड बुजला तर कमोड, आणि कमोड झाला तर सासूबाई घरी.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच सुप्याला गेले. नणंद पहिल्या पाळीला, जावईही कामावर. शेजारणीने दार उघडून दिलं आणि ती गेली. सासूबाई कॉटवर होत्या, एवढ्याशा झालेल्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. झालं का खोलीचं, म्हणाल्या. मी बसले नाही, तब्येत विचारली नाही. उभ्या उभ्या म्हटलं, आड सापडला.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग सांगितलं. प्लॉट म्हणजे आधी शेत होतं आणि हा त्या शेतातला आड, गोड पाण्याचा. घर बांधताना सासऱ्यांनी तो बुजवायला मुरूम मागवला. त्याच आठवड्यात माझा नवरा, तेव्हा चौदा वर्षांचा, विषमज्वराने दवाखान्यात पडला. डॉक्टरांनी आशा सोडलेली. त्याच्या आधीची दोन लेकरं सासूबाईंनी घालवली होती. पाणाडे मामा बघायला आले आणि म्हणाले, भरला आड बुजवला तर वंश बुडतो. सासूबाईंनी सासऱ्यांचे पाय धरले. मुरूम दुसरीकडे वापरला, आडावर लाद्या टाकल्या, आणि पोरगा चौथ्या दिवशी उठून बसला. कॉलनीत तेव्हा ड्रेनेजची लाईन यायची होती. गवंडी म्हणाला, तोवर संडासाचं ह्यात सोडू, तात्पुरतं. पुढे लाईन आली, सासऱ्यांनी दाखवायला रस्त्यालगत चेंबर बांधला, आणि ओटा कोण फोडणार म्हणून आतलं तसंच राहिलं.

हे फक्त आपल्याच लोकांना सुचू शकतं. विहिरीत माती टाकणं पाप, विहिरीत घाण सोडणं चालतं! माती टाकली तर देव बघतो, आणि दुसरं काही टाकलं तर तो तोंड फिरवतो की काय?

"आणि हे तुम्हाला रोज माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग माझा तोल गेला. तोंडाला येईल ते बोलले. माझ्या पोरीला ते पाणी पाजलं मी, म्हटलं. तिचे ते जुलाब, त्या काविळी, मी शाळेच्या डब्याला दोष देत बसले. तुमच्या मुलाचा जीव तो जीव, आणि आमचे काय? शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असणार. बोलता बोलता मला वास आला. आधी वाटलं, आडाचाच नाकात बसलाय. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे गच्च मिटलेले, खालचा ओठ दाताखाली, आणि हाताने चादर आवळून धरलेली. माझ्या आरडाओरड्यात त्यांना मध्येच सांगता आलं नव्हतं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी ओढणी कमरेला बांधली. पाणी गरम केलं, जुन्या लुगड्याची फडकी शोधली. पुसताना दोनदा उमासा आला, दोनदा तोंड फिरवलं. खोटं कशाला सांगू, प्रेमाने किंवा दयेने ती किळस कुठे पळून गेली नाही. होती तेवढीच होती, आणि हात चालू होते.

"किळस येती ना?" डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "येऊ दे. मला बी येती, माझीच."

मी त्यांना कुशीवर वळवलं. त्या भिंतीशी बोलल्यासारख्या हळूच म्हणाल्या, "ओट्याखाली काय हाय ते कळलं असतं तर तुझ्या घशाखाली घास उतरला असता का? माझ्या न्हवता उतरत. म्हटलं, घरात एकीनं उपाशी ऱ्हायलेलं बास."

बावीस वर्षं सासूबाई ताट घेऊन पुढच्या खोलीत जाऊन जेवायच्या. चार घास खायच्या आणि उठायच्या. मला वाटायचं, माझ्या हातचं त्यांना आवडत नाही. त्यावरून मी नवऱ्याजवळ किती वेळा रडले असेन! त्यांचं बोलणं ऐकून मला दया यायला हवी होती, तर मला अजूनच राग आला, कारण पाणी तर सगळ्यांनीच प्यायलं होतं. पण तो राग आता धड कुणावरच बसेना. मी त्यांना स्वच्छ पातळ नेसवलं आणि म्हटलं, झालं ते झालं. आता तो आड बुजवतो, कमोड बसवतो आणि तुम्हाला घेऊन जाते.

त्यांनी माझं मनगट धरलं. हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "बुजवू नको," म्हणाल्या.

मी समजावलं की तो बुजवल्याशिवाय काम होणार नाही, आणि काम झाल्याशिवाय घरी येता येणार नाही. त्यांनी थोडा विचार केला.

"मग न्हाई येत."

"इथे राहणार? अशा?"

"ऱ्हाते. माझा पोरगा ऱ्हाऊ दे."

पोरगा एकोणपन्नास वर्षांचा. पोट सुटलेला, साखरेची गोळी घेणारा, 'बघू' म्हणणारा. त्याच्यासाठी ही बाई दार उघडं टाकून बसायला तयार होती. मी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले आणि नगर येईपर्यंत हाताचा वास घेत राहिले. साबणाने चार वेळा धुतले होते तरी.

दोन दिवसांनी मैला उपसायची गाडी आली, जाड पाइप दारातून आत घातला आणि दुपारपर्यंत घरघर करत राहिली. सगळी गल्ली नाकाला रुमाल लावून बघत होती. शेजारीणही होती. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. नंतर मुरूम आला, दारात ढीग पडला. आता टाकायला सुरुवात करायची तर गवंडी थांबला. म्हणाला, पहिलं घमेलं घरच्याने टाकायचं असतं, आम्ही नाही टाकणार. प्लंबरनेही मान हलवली. नवऱ्याने घमेलं उचललं, कडेपर्यंत नेलं आणि खाली ठेवलं. आईला कळलं तर, म्हणाला. मामा अजून मुक्कामाला होते, ते दाराच्या चौकटीला टेकून पुटपुटले की बघा बाबा, पाप हाय. तिथे माझं डोकं फिरलं.

"पस्तीस वर्षं सगळे मिळून त्यात हगलो, ते पाप नव्हतं का, मामा?" मी म्हटलं. "तिच्या डोक्यात तुम्ही घातलंत. आता तुम्हीच काढा."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मामांसमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते, तो शब्द तर माझ्या तोंडून कुणीच ऐकला नव्हता. मी सुप्याला फोन लावला, नणंदेला म्हटलं आईच्या कानाला लाव, आणि स्पीकर चालू करून फोन मामांच्या हातात दिला. मामा मुरुमाच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले. पलीकडून सासूबाई दोनदा 'कोण' म्हणाल्या.

"आक्का, म्या हाय," मामा म्हणाले. "म्या परत नारळ धरला. न्हाई उभा ऱ्हात गं. आड मेलाय, आक्का. लई दिस झालं मरून. मेल्याला माती द्यायला पाप नसतं."

आड दाखवल्यापासून नारळ पिशवीतच होता. पिशवी खुंटीला होती. मी बघत होते, पण तोंड उघडलं नाही.

फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग सासूबाई म्हणाल्या, "मग द्या बाबा माती."

पहिलं घमेलं मामांनीच टाकलं. एका हाताने टॉवेल नाकाला धरलेला, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडाने काहीतरी म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही. मग नवऱ्याने एक टाकलं, मी एक टाकलं, आणि बाकीचं गवंड्याने संध्याकाळपर्यंत भरलं. मामा त्याच दिवशी निघाले. जेवायला थांबा म्हटलं तर नको म्हणाले, आणि मीही आग्रह केला नाही.

प्लंबरच्या आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. नवीन लाईन बोळातून रस्त्यापर्यंत गेली, आणि एकेक जोड मी स्वतः उभी राहून बघितला. ओटा पुन्हा बांधला. बोअरचा पाइप काढून वर टोपण बसवलं. शेजारणीकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या हो, पण तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मला आठ महिने पुरेल. ओट्यापुढे उभं राहिलं की अजूनही माझ्या तळपायांना कसंतरी होतं. मी आता चप्पल घालून स्वयंपाक करते.

सासूबाईंना आणलं तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. गाडीतून उतरवून, वॉकर देऊन, हळूहळू त्यांच्या खोलीत नेलं. मी नवीन संडास दाखवला. वॉकरसकट मावेल एवढा रुंद, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे. डॉक्टरांनी सांगितलंय आतून कडी लावायची नाही, हे मी दोनदा बजावलं. त्यांनी पलंगावर बसून पाणी मागितलं. तांब्याभर दिलं, तर घटाघटा पिऊन आणखी मागितलं. तासाभराने म्हणाल्या, जाऊन येते. मी दारापर्यंत गेले, आत बसवायला हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दार लागलं. आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

मी बाहेर उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी ओतल्याचा आवाज येऊन गेला, मग काहीच नाही.  दार वाजवलं, आई, झालं का, पडलात का, म्हटलं.

"झालंय मगाशीच," आतून आवाज आला. "दार लावलंय ना गं. बसू दे जरा."